सी-फोरचा डबा

वलवण
१० नोव्हेंबर २०२४

चि. यशोधरेस,
आजीचा जयभीम आणि आशीर्वाद.

बोलणार मी, लिहिणार उमेरा. शेजारची, ब्लाउज शिवणारी. मी ‘न्हाई’ म्हटलं की ही ‘नाही’ लिहिते. मी तिला म्हटलं, बाई, माझं बोलणं बेतून शिवू नकोस, बाह्या आखूड होतात. ऐकत नाही. तेव्हा हे पत्र वाचून आजी शिकली की काय असं समजू नकोस. आजी आहे तशीच आहे, अंगठेबहाद्दर.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तुझा सत्यम येऊन गेला. पुण्याहून एवढा आला, माझ्या पाया पडला आणि तुझ्या बापाशेजारी ओट्यावर जाऊन बसला. दोघं समोरच्या भाताच्या काढणीकडे बघत बसले. तासभर एक शब्द नाही. मला वाटलं, आता हा उठतो आणि पळतो. तर जाताना प्रदीप मला म्हणाला, “आई, माणूस चांगला आहे. त्याला गप्प बसता येतं.” तुझ्या बापाकडून एवढं कौतुक मलासुद्धा कधी मिळालेलं नाही.

तर असा मुलगा दोन वर्षं सिग्नलला उभा आहे. तू हिरवाही दाखवत नाहीस, लालही नाही. तुझी आई नंदा पिंपरीहून निरोप धाडते, की पोरगी माझ्याशी बोलत नाही, तुम्ही विचारा. म्हणून विचारते. तुला तो आवडत नाही का? का तिकडे बंगलोरला दुसरा कोणी कानडी बघून ठेवलास? असला तरी सांग, मला इडली चालते.

आणि हो, तू तिथे नक्की बघतेस काय? लोक मला विचारतात. मी सांगते, नात लोकांचं रक्त बघते. मग म्हणतात, म्हणजे लॅबवाली. मी म्हणते, नाही, त्याच्या पुढची. पुढची म्हणजे काय ते मला माहीत नाही.

फोन घ्या म्हणून मागच्या खेपेला मागे लागली होतीस. नको. नुसता आवाज आणि माणूस समोर नाही, हे प्रदीपला सोसत नाही. त्याच्याकडे तसले आवाज आधीच भरपूर आहेत. गोळ्या वेळेवर घेतो. बंगल्यावर बागेच्या कामाला जातो. बरा आहे.

तुझी,
येसूआजी

ता. क. यशो, मी उमेराताई. आजींनी दर ओळीला मला एक टोमणा मारला, त्यातले निम्मे मी लिहिले नाहीत.

*

बंगळूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
सविनय जयभीम.

कानडी कोणी नाही. सत्यम मला आवडतो, हेच तर अवघड आहे.

उमेराताई, इथून पुढचं बाबा आसपास नसताना वाचा. त्यांच्यासमोर नको.

आजी, बाबांना ते दुखणं लागलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा भिंतीशी बोलत होते आणि आई माझी दप्तराची पिशवी भरत होती, एवढंच मला आठवतं. त्यानंतर मी पिंपरीत वाढले. शिकले, आणि शिकता शिकता नेमकी याच दुखण्याच्या मागे लागले. ते कुठून येतं, रक्तातून किती येतं, हे शोधणाऱ्या लोकांत मी काम करते. आणि मला भीती वाटते. बाबांचं ते माझ्यात असेल. मी कधीतरी सत्यमकडे बघून त्याला ओळखणार नाही. किंवा मी वाचेन आणि माझ्या मुलाच्या वाट्याला येईल. कोणाच्या घरी अशी मी कशी जाऊ?

मी सत्यमला थोडं थांबायला सांगितलं आहे. माझा सी-फोर वीस डिसेंबरला येतोय. तो आला की काय ते ठरेल. तोवर विचारू नकोस.

बाबांना सांग, स्वेटर घालत जा.

तुझी,
यशो

*

वलवण
२१ डिसेंबर २०२४

यशे,

ह्यावेळी माझं बोलणं जसंच्या तसं येतंय, बघ. उमेरा तळेगावला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. आता लिहिणारा दुसरा हाय. त्यो एक अक्षर इकडचं तिकडं करीत न्हाई. मी खोकले तरी ‘आई खोकली’ लिहील म्हणून मी आज लय जपून बोलतीय.

तुझं पत्र आलं तवा उमेरा न्हवती. मग वाचणार कोण? जो घरात हाय त्यो. तर प्रदीपनं वाचलं. “बाबा आसपास नसताना वाचा” हे बी वाचलं, “त्यांच्यासमोर नको” हे बी वाचलं, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, आता आलाईस तर वाच. पुढचं समदं वाचलं. भिंतीचं, दप्तराचं, भीतीचं. अडखळला न्हाई. कागद खाली ठेवला आन म्हणला, “बरोबर हाय. मला बी वाटायची.”

एवढंच. मग उठून स्वेटर घातला.

व्हय, तुझ्या बापाचंच अक्षर हाय हे. बघ किती गोल काढतो.

आता पुढचं ऐक. तू लिव्हलंस, सी-फोर वीस तारखेला येतोय. आमी रेल्वेची माणसं. सी-फोर म्हणलं की डोळ्यासमोर काय येणार? सकाळी पुण्याहून येती त्या गाडीचा चेअरकारचा डबा. तू दर खेपेला तीच धरतीस. मी म्हणलं, पोरगी आली. जे काय ठरवायचं ते हितं येऊन ठरवतीय, शहाणी हाय.

प्रदीप टेशनात किती वर्षांनी आला म्हणून सांगू. तुझा आजा भिकाजी गेला तवापासून त्यानं फलाट बघितला न्हवता. गर्दी सोसत न्हाई, भोंगा सोसत न्हाई. पण म्हणला, मी येतो. शर्टाला इस्त्री केली. मी तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या, सुकटीची चटणी घेतली. रिक्षातनं गेलो. फलाटावर जाऊन हा बरोबर एका जागी उभा ऱ्हायला. म्हणला, सी-फोरचं दार हितं येतं.

गाडी आली. दार तितंच आलं. पिशव्या घेऊन फिरायला आलेली माणसं उतरली. केस कापलेली एक पोर उतरली, तिला ह्यानं विचारलं, “यशो?” ती बिचारी न्हाई म्हणली. गाडी गेली.

मी म्हणलं, चल. म्हणला, “न्हाई. लिहिलंय.”

तुला ठाव न्हाई म्हणून सांगते. त्याच्या डॉक्टरनं त्याला शिकवलंय, ऐकलेलं लगेच खरं धरायचं न्हाई, आधी पडताळून बघायचं. ह्यानं त्याचा आपला कायदा केला. कानाला आलेलं खोटं असंल, कागदावरचं खरं. गाड्यांच्या टायमटेबलाला बी तसंच, फलाटावरच्या पाटीला बी तसंच. आन तू तर कागदावर लिव्हलेलं. मग पुढची गाडी बघितली. त्याच्या पुढची. ज्या गाडीला चेअरकार न्हाई तिला बी बघितली. फलाटावर एवढी माणसं, एवढा कालवा, ह्याच्या कपाळाला घाम, पर जागा सोडली न्हाई. दुपारी तुझ्या भाकऱ्या आमीच खाल्ल्या. चटणी चांगली झालती, सांगून ठेवते.

दिवे लागले तवा ह्यानं खिशातनं तुझं पत्र काढलं. परत वाचलं. आन हसला, यशे. मला म्हणला, “आई, ‘मी येते’ असं कुटंच लिहिलेलं न्हाई. सी-फोर येतोय एवढंच लिहिलंय. त्यो तर आला. पत्र खरं हाय.”

मग घरी आलो.

तर आता सांग बाई, हा तुझा सी-फोर कोण? डबा न्हवं तर काय हाय? आन त्यो आला का?

आजी

*

बंगळूर
२ जानेवारी २०२५

ती. आजी आणि ती. बाबा,
जयभीम.

तुमचं पत्र प्रयोगशाळेतच उघडलं आणि मग कामात लक्ष लागलं नाही. मैत्रिणीला सांगितलं, माझे वडील फलाटावर उभे होते. ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, वीस तारखेला, दिवसभर.

बाबा, ते वाक्य मी तुमच्यापासून लपवायला लिहिलं होतं आणि तुम्हीच ते मोठ्याने वाचलंत. आता तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. म्हणून यापुढे जे लिहीन ते तुमच्यासमोर वाचण्याजोगं लिहीन.

सी-फोर म्हणजे डबा नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेली एक मांडणी असते, त्यातल्या एका तुकड्याचं ते नाव. त्याचं काम ताप, जखम, जंतू यांच्याशी लढायचं. रक्तात परका जंतू शिरला की सी-फोर त्याच्यावर खूण करतो. खूण पाहून खाणाऱ्या पेशी येतात आणि जंतूला गिळतात. खूण नसेल तर त्या पुढे निघून जातात. आजी, हे तुझ्या अंगात आत्ता चाललं आहे, तू सुकटीची चटणी खात असताना.

आता खरं नवल. हीच खूण मेंदूतही सापडते. लहानपणी मेंदूत धाग्यांना धागे जोडले जातात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग वयात येताना मेंदू स्वतःच त्यातले नको असलेले जोड काढून टाकतो. ते काढल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही. आणि कोणता जोड काढायचा याची खूण करण्यात याच सी-फोरचा हात असावा असं दिसतं. जंतूवरची खूण आणि आठवणींच्या जोडावरची खूण, एकाच हाताची. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते.

काही माणसांत या तुकड्याच्या प्रती जास्त असतात. त्यांच्या मेंदूत खुणा जास्त होत असाव्यात, राहायला हवे होते ते जोडही निघून जात असावेत. हजारो माणसांचं रक्त ताडून पाहिल्यावर ज्यांना बाबांसारखं दुखणं आहे त्यांच्यात या जास्तीच्या प्रती थोड्या अधिक सापडल्या. थोड्याच, आजी. हे एकट्याचं काम नाही. असे शेकडो तुकडे आहेत, शिवाय आयुष्यात काय काय होतं तेही आहे. सी-फोर जास्त असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. ज्यांच्याकडे तो जास्त आहे त्यांना एक सांध्यांचा आणि कातडीचा वाईट आजार उलट कमी होतो असंही दिसलं आहे. म्हणजे हा तुकडा वाईट म्हणावा तर तसंही नाही.

आमच्याकडे नवीन यंत्र आलं, ते तपासायला आम्ही आमचंच रक्त दिलं. त्यातून माझा सी-फोर किती आहे ते कळणार होतं. तो निकाल वीस तारखेला आला. बंद आहे अजून. मला पक्कं ठाऊक आहे, त्यावरून माझं काहीच ठरत नाही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी त्याला हेच समजावलं असतं. तरी मी सत्यमला त्यावर थांबवून ठेवलं. शिकलेल्या माणसाची भीती अशी असते.

बाबा, तुम्हाला भीती वाटायची म्हणजे कशाची?

तुमची,
यशो

*

वलवण
१९ जानेवारी २०२५

यशे,

पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा मला कळलं न्हाई. दुसऱ्यांदा कळलं आन मग जेवण गेलं न्हाई, पोट बिघडलं म्हणून न्हवं. कवतिकानं.

खूण! अगं, तुझा आजा आयुष्यभर हेच करीत आला की.

लोणावळ्याच्या यार्डात त्याचं काम काय व्हतं? गाडी आली की हातोडी घेऊन खाली उतरायचं, एकेक चाकाला टोला हाणायचा. नाद खणखणीत आला की पुढं. बद्द आला की खिशातला खडू काढायचा आन डब्यावर खूण करायची. बस. डबा कापायचं, म्हंजे गाडीतनं सोडवायचं काम त्याचं न्हवं. मागनं दुसरी माणसं यायची, खूण दिसंल त्यो डबा कापायची. इचारायची न्हाईत. खूण हाय का? हाय. काप. घाटात तुटलेल्या चाकाची गाडी खाली गेली तर किती माणसं मरतील, म्हणून खडू पायजेच. घरी आला की त्याच्या पँटीचा खिसा पांढरा. धुता धुता माझे हात पांढरे.

आन तू म्हणतीस, असा खडू घेऊन माझ्या अंगात कुणी फिरतंय. मी झोपले तरी फिरतंय. ताप आला की तापावर खूण करतंय, आन पोरगं वयात आलं की त्याच्या डोक्यात शिरून जोडांवर टोले हाणतंय. काल मी किती वेळ आपल्या हाताकडं बघत बसले. ह्या एवढ्या सुरकुतलेल्या कातड्याच्या आत यार्ड हाय. भिकाजी असता तर त्याला सांगितलं असतं, तुमची नोकरी लय जुनी हाय वो, रेल्वेच्या आधीची.

एक सांगू? प्रदीपला दुखणं लागलं तवा लोक म्हणले, करणी केली. कोण म्हणलं, नंदाचा पायगुण. ती बिचारी पोरीला घेऊन गेली, मी तिला एका शब्दानं अडवलं न्हाई, कारण तिच्यासमोर बायका बोलायच्या. एवढी वर्षं पायगुण पायगुण. आन निघालं काय तर खडू. कुणी रागावलं न्हवतं, कुणी पाप केलं न्हवतं. खडू वाईच जास्ती चालला.

व्हय, तू म्हणतीस एकट्या खडूचं काम न्हाई. प्रदीपनं ते वाक्य मला परत वाचून दाखवलं, त्याला ठाव हाय मी सोयीचं तेवढंच ऐकते. बरं, आणखी काय काय असंल. पर पायगुण त्यात न्हाई ना? मग झालं. हे पत्र नंदाला बी धाड.

आता राहिलं एक. खूण झालेला डबा कुटं जायचा? बाजूच्या रुळावर. त्या रुळाला सिक लाईन म्हणायचे. आमच्या घरात कुणाला ताप आला तरी आजा म्हणायचा, आज हा सिक लाईनला. प्रदीपला दुखणं लागलं तवा बी तेच म्हणला, आन यार्डात जाऊन रडला. पर सिक लाईन म्हंजे भंगार न्हवं, यशे. तितं दुरुस्ती चालायची. तितनं डबे परत गाडीला लागायचे. समदे न्हाई लागायचे, खोटं कशाला बोलू. पर लागायचे. वीस तारखेला फलाटावर दिवसभर एका जागी उभा ऱ्हायला त्यो डबा मी बघितलाय.

निकाल उघड न्हाईतर चुलीत घाल. मला त्यातलं कळत न्हाई. फक्त पोराला सिग्नलला उभा करून तू आपल्याच चाकाला रोज टोला हाणत बसलीयस, तेवढं बंद कर. सारखे टोले हाणून चांगलं चाक बी बद्द वाजायला लागंल.

पुढचं त्याचं त्यो लिहितोय. मी सांगितलं न्हाई.

आजी

यशो,

तू विचारलंस म्हणून. मला भीती वाटायची की मी तुला ओळखणार नाही. पण तू दर वेळी आलीस तेव्हा मी तुला ओळखलं आहे. एकदाही चुकलेलं नाही.

मला अजून आवाज ऐकू येतात. पण या पत्रातलं सगळं आईचंच आहे. मी तिच्या तोंडाकडे बघून मगच लिहिलं आहे.

बाबा

*

बंगळूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमच्या नावाने हे माझं पहिलं पत्र. आजीला वाचून दाखवा. एक शब्दही गाळू नका.

आईला पत्राची नक्कल पाठवली. तिने उत्तरात काही लिहिलं नाही. फोन केला आणि म्हणाली, “सासूबाईंना सांग, त्यांनी अडवलं असतं तर मी थांबले असते. पण जाऊ दिलं ते बरं केलं.” दोन्ही वाक्यं तिची आहेत, मी जशीच्या तशी लिहिली.

निकाल उघडला. सत्यमला इकडे बोलावून घेतलं होतं. तो शेजारी बसला होता, गप्प. तुम्ही म्हणालात ते खरं आहे, त्याला गप्प बसता येतं. माझ्याकडे खडू जास्त आहे, बाबा. बहुधा तुमच्याकडून आलेला. तुम्हाला आजीकडून किंवा आजोबांकडून, त्यांना त्यांच्या मागच्यांकडून. आपली किती पिढ्यांची माणसं गावकुसाबाहेर, नाही नाही त्या रोगांत, औषधाच्या थेंबाशिवाय जगली असतील. त्यांच्या अंगात हा खडू रात्रंदिवस चालला असेल. त्यातली कितीजणं त्याच्यामुळे वाचली, कितीजणांची त्यानेच वाट लावली, हे कोणालाही मोजता येणार नाही. पण ती जगली म्हणून मी इथे बसून त्याला नाव देऊन बघते आहे. तो आकडा बघून मी घाबरेन असं वाटलं होतं. मी कितीतरी वेळ नुसती बघतच राहिले.

सत्यमला तो आकडा समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “फलाटावर बाबा उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे पण एवढाच होता का?” मी म्हटलं, असेल, मोजलेला नाही. तो म्हणाला, “मग ठीक आहे.”

मी त्याला हो म्हटलं आहे. मुलाबाळांचं अजून काही ठरवलेलं नाही. भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल आणि तुम्ही कागदावरचं खरं धरता, म्हणून तसं लिहीत नाही. ती आहे. पण आता तिच्याशेजारी बसता येतं.

बाबा, गेल्या वेळी मी नीट लिहिलं नव्हतं. आता नीट लिहिते. रविवारी, सोळा तारखेला, सकाळच्या गाडीने मी येते. सत्यम येतो. आम्ही दोघं येतो. डबा सी-फोर.

दार कुठे येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची,
यशो